साथीच्या काविळीचा प्रतिबंध : नित्य शुचिता आणि वैद्याचे कर्तव्य

कामलेचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा आपले लक्ष स्वाभाविकपणे त्याच्या नेत्र, नख, त्वचा, मूत्र यांच्या पीतत्वाकडे जाते. अग्नीची स्थिती, मलाचा वर्ण, यकृताचा स्पर्श पाहून आपण निदान निश्चित करतो आणि कुटकी, भूम्यामलकी, आरोग्यवर्धिनी यांपैकी योग्य ती योजना करतो. हे आपण सर्वजण जाणतो आणि करतो. परंतु ज्या घरातून तो रुग्ण आला त्या घरातील इतर पाच माणसे आणि ज्या गल्लीतून आला त्या गल्लीतील पन्नास माणसे त्या क्षणी आपल्यासमोर नसतात. साथीच्या व्याधीत खरा प्रश्न त्यांचाच असतो. प्रस्तुत लेखात साथीच्या काविळीचे उदाहरण घेऊन, नित्याच्या शुचितेच्या साध्या सवयींनी संसर्गाची साखळी कोठे तोडता येते आणि त्यात वैद्यव्यवसायी व औषधविक्रेते यांनी नेमके काय करावे, याचा विचार करावयाचा आहे.

आपला जिल्हा आणि आपले पाणी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते व नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. या अल्पशा प्रवासात तिच्या काठी कोल्हापूर, इचलकरंजी ही मोठी शहरे आणि कितीतरी गावे वसलेली आहेत. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पिण्याचे पाणी, अशी ही रचना आहे. नदीकाठच्या बहुतेक वस्त्यांना हे वाक्य लागू पडते, परंतु आपल्या जिल्ह्याने त्याची किंमत मोजलेली आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी कोल्हापूर शहरात पाण्यावाटे पसरलेली काविळीची साथ आली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी तिचा केलेला अभ्यास १९८४ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची फार मोठी साथ आली. हजारो नागरिक बाधित झाले, काहींना प्राणास मुकावे लागले आणि सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्याशी तिचा संबंध जोडला गेला. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या दिवसांत इचलकरंजी व हातकणंगले भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना बाह्यरुग्ण विभागातील ती गर्दी आजही स्मरत असेल.

नदी शुद्ध करणे हे शासनाचे, नगरपालिकांचे व कारखान्यांचे काम आहे आणि त्यासाठी आग्रह धरणे हे नागरिक म्हणून आपले काम आहे. परंतु ते पूर्ण होईपर्यंत लोकांनी पाणी पिणे थांबवता येत नाही. म्हणून नळाच्या तोटीपासून रुग्णाच्या ओठांपर्यंतचे जे शेवटचे अंतर आहे, ते आपले कार्यक्षेत्र होय.

संहितांतील विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य, वय हे सर्व भिन्न असताना एकाच वेळी एकाच व्याधीने अनेक माणसे कशी ग्रस्त होतात, असा अग्निवेशाचा प्रश्न आहे. भगवान आत्रेयांचे उत्तर असे की, व्यक्तिगत भाव भिन्न असले तरी वायु, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात, त्यांच्या विकृतीने सर्वांना एकच व्याधी होतो. विकृत उदकाची लक्षणेही तेथे सांगितली आहेत. गंध, वर्ण, रस, स्पर्श यांत अत्यंत बिघाड होणे, पाणी बुळबुळीत होणे, जलचर पक्ष्यांनी ते सोडून जाणे. पंचगंगेत मृत माशांचे थर तरंगताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वर्णन निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच अध्यायात, संकट येण्यापूर्वीच औषधिद्रव्यांचा संग्रह करून ठेवावा असाही उपदेश आहे. म्हणजे पूर्वतयारी हा शास्त्राचाच भाग आहे.

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांचा उल्लेख येतो. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शय्या व आसन, दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपन यांच्या वापराने कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद यांसारखे रोग एका मनुष्यातून दुसऱ्यात संक्रांत होतात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात तोंड झाकल्यावाचून शिंकू, हसू वा जांभई देऊ नये असा नियम आहे. २०२० साली साऱ्या जगाला हा नियम नव्याने शिकावा लागला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या वचनांत आजचे जीवाणू व विषाणू शोधण्याचा मोह आपण टाळावा. प्राचीन आचार्यांनी संसर्गाचे मार्ग निरीक्षणाने ओळखले, त्यांना सूक्ष्मदर्शक लागला नाही. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे पाणी पिणाऱ्यांत पटकी अधिक होते हे घरोघर फिरून दाखवले आणि त्या पंपाचा दांडा काढावयास लावला, त्या वेळी त्यांनाही पटकीचा जीवाणू ठाऊक नव्हता. मार्ग कळला तर मार्ग अडवता येतो, हाच दोन्हींतील समान धडा आहे. आज आपल्याला मार्गही ठाऊक आहे आणि कारणही. तेव्हा आपली जबाबदारी अधिक आहे.

व्याधीचा मार्ग आणि काळ

पाण्यावाटे येणारी कावीळ मुख्यतः हेपॅटायटिस ए व हेपॅटायटिस ई या दोन विषाणूंमुळे होते. दोन्ही विषाणू रुग्णाच्या मलावाटे बाहेर पडतात व मुखावाटे दुसऱ्याच्या शरीरात प्रवेश करतात. हेपॅटायटिस ए अधिककरून बालवयात होतो आणि घरातल्या घरात हातांवाटेही सहज पसरतो. हेपॅटायटिस ई तरुण व प्रौढांत अधिक दिसतो. त्याचा एका माणसाकडून दुसऱ्याकडे थेट प्रसार तुलनेने कमी, परंतु पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की तो हजारोंना एकदम गाठतो. आपल्याकडील मोठ्या साथी बहुधा याच्या असतात.

हेपॅटायटिस ई चा संचयकाल सुमारे २ ते ८ आठवडे, सरासरी ४० दिवसांचा आहे. हा आकडा वैद्याने नित्य ध्यानी ठेवावा, कारण त्यावर सारा इतिवृत्तविचार अवलंबून आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, १ जून रोजी एका पेठेतील नळवाहिनीला गटारीशेजारी गळती लागली व ३ जून रोजी ती दुरुस्त झाली. पहिले रुग्ण जूनच्या मध्यास दिसतील, बहुसंख्य रुग्ण १० जुलैच्या आसपास येतील आणि शेवटचे जुलैअखेर. जुलैमध्ये आलेला रुग्ण सांगेल, "पाणी तर स्वच्छ येते आहे." त्याचे म्हणणे खरे आहे, परंतु आपला प्रश्न चुकलेला आहे. आजच्या पाण्याविषयी विचारून उपयोग नाही. "मागील दोन महिन्यांत नळाला गढूळ वा वासाचे पाणी आले होते काय? कोठे लग्नकार्याला, यात्रेला, बाहेरगावी कामाला गेला होतात काय?" असे विचारावयास हवे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला लाखो भाविक येतात. अशा प्रसंगी प्यालेल्या पाण्याचा परिणाम वैशाख-ज्येष्ठात दिसू शकतो. उलटपक्षी, दुरुस्तीनंतर दोन महिने लोटूनही नवे रुग्ण येतच राहिले तर गळती एकच नव्हती किंवा ती अद्याप चालू आहे, असे समजावे.

सर्वांत गंभीर बाब गर्भिणीची. सर्वसामान्य रुग्णांत हेपॅटायटिस ई बहुधा आपोआप शमतो, मृत्यूचे प्रमाण अल्प असते. परंतु गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत हाच व्याधी झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे चार-पाच गर्भिणींमागे एक. हेपॅटायटिस ए ची लस उपलब्ध आहे. हेपॅटायटिस ई ची लस चीनमध्ये वापरात आली असली तरी आपल्या नित्य लसीकरणात ती नाही. म्हणून आपल्या भागातील गर्भिणीचे रक्षण उकळलेल्या पाण्यावरच अवलंबून आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

पाणी : प्रसादन वेगळे, शोधन वेगळे

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ४५ व्या अध्यायात दूषित पाण्याला अग्नीवर कढवणे, सूर्यातपात तापवणे, तप्त लोहगोल वा वाळू त्यात विझवणे असे उपाय सांगितले आहेत. गढूळ पाणी निवळण्यासाठी मात्र कतक म्हणजे निवळी, गोमेद, कमळाचे कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती व मणी अशी सात द्रव्ये निराळी दिली आहेत. निवळणे आणि तापवणे या दोन क्रिया आचार्यांनी पृथक् ठेवल्या. आपल्या घरोघरी मात्र त्यांची गल्लत झालेली दिसते. तुरटी फिरवली, फडक्याने गाळले, पाणी काचेसारखे दिसू लागले की ते शुद्ध झाले असे समजले जाते. तुरटीने गाळ खाली बसतो, त्याबरोबर काही रोगजंतूही बसतात, परंतु पाणी निर्जंतुक होत नाही. कँडलच्या साध्या फिल्टरमधूनही विषाणू पार होतात.

१९५५-५६ ची दिल्लीची साथ या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. धोका ओळखून तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली होती. त्यामुळे विषमज्वर व जीवाणूजन्य अतिसार वाढले नाहीत, कावीळ मात्र झालीच. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीतून ती हेपॅटायटिस ई ची साथ होती हे बऱ्याच वर्षांनी सिद्ध झाले. मैल्याने गढूळ झालेल्या पाण्यात क्लोरीनची शक्ती गाळावरच खर्च होते, असा याचा अर्थ. म्हणून प्रथम गाळणे व निवळणे, नंतर निर्जंतुकीकरण, हा क्रम मोडू नये.

घरासाठी पुढील सूचना रुग्णास तोंडी न सांगता लिहून द्याव्यात :

१. साथ असताना आणि संपूर्ण वर्षाऋतूत पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर आणखी काही मिनिटे उकळावे. नुसते कोमट करणे म्हणजे उकळणे नव्हे. वर्षाऋतूत कढवून निवविलेले पाणी प्यावे असे ऋतुचर्येतही सांगितले आहे, त्यामुळे ही सूचना आपल्या रुग्णांना परकी वाटत नाही.

२. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून निववावे. दुसऱ्या भांड्यात ओतावयाचे असल्यास ते भांडे उकळत्या पाण्याने विसळलेले असावे. शक्यतो तोटीच्या पिंपात ठेवावे, तसे नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पेला बुडवताना बोटे पाण्यात बुडतात व उकळण्याचे सारे श्रम वाया जातात.

३. उकळणे शक्य नसेल तेथे क्लोरीनच्या गोळ्या वा द्रावण वेष्टनावरील प्रमाणानुसार घालून किमान अर्धा तास थांबावे.

४. दात घासण्यासाठी, फळे-कोथिंबीर धुण्यासाठी व बालकाचे औषध कालवण्यासाठीही हेच पाणी वापरावे. चूर्णाचे अनुपान म्हणून दिलेले कोष्ण जल नळाचे कोमट पाणी नसावे, हे आपण स्पष्ट सांगितले पाहिजे.

गावपातळीवर टीसीएल पावडरचा विषय येतो. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटर स्वच्छ पाण्याला साधारण २.५ ग्रॅम लागते. एका तासानंतर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो तो याचाच. उघड्या पोत्यात, दमट खोलीत पडलेली पावडर आपली शक्ती गमावते, ती कितीही टाकली तरी उपयोग होत नाही. ग्रामीण भागातील वैद्याने आपल्या गावच्या जलसुरक्षकाशी परिचय ठेवावा आणि साथीच्या दिवसांत शेवटच्या घरच्या नळाची ओटी टेस्ट आपल्यासमोर करावयास सांगावी. टाकीजवळ पिवळा रंग आणि शेवटच्या नळाला काहीच नाही, असे दिसल्यास दोष मधल्या वाहिनीत आहे.

हात, नखे आणि स्वयंपाकघर

शौचानंतर, बालकाचे मल-मूत्र साफ केल्यानंतर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी आणि बालकास भरवण्यापूर्वी, अशा पाच वेळी साबणाने हात धुणे ही सर्वांत स्वस्त चिकित्सा होय. हात साबणाने सुमारे २० सेकंद चोळावेत. बोटांच्या बेचक्या, अंगठा व नखांखालील भाग बहुधा राहून जातो. करोनाकाळापासून सॅनिटायझरची सवय जडली आहे, परंतु मळलेल्या हातांवर त्याचा प्रभाव पडत नाही आणि कावीळ व अतिसार घडवणाऱ्या अनेक विषाणूंवर तो साबण-पाण्याइतका विश्वसनीय नाही. शेतात साबण नसेल तर राखेने हात चोळून भरपूर पाण्याने धुणे हे काहीच न करण्यापेक्षा निश्चित बरे. कच्ची माती मात्र वापरू नये.

काविळीच्या रुग्णाने, लक्षणे दिसू लागल्यापासून किमान दोन आठवडे, इतरांसाठी स्वयंपाक करू नये वा वाढू नये. घरातील गृहिणीच रुग्ण असेल तर ही सूचना पाळली जाणार नाही, हे आपण जाणतो. म्हणून ती तिला न सांगता तिच्या सासूबाईंना वा यजमानांना समोर बसवून सांगावी.

पथ्याच्या नावाखाली होणारे कुपथ्य

आपल्या ऊसकरी जिल्ह्यात काविळीच्या रुग्णाला पहिला सल्ला मिळतो तो उसाच्या रसाचा. रस मधुर, शीत व पित्तशामक खरा. परंतु रस्त्याकडेच्या गाड्यावर तो कसा निघतो ते पाहावे. न धुतलेला ऊस, माश्या बसलेला चरक, एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेले पेले आणि कोणत्या पाण्याचा हे ठाऊक नसलेला बर्फ. ज्या मार्गाने व्याधी आला त्याच मार्गाने आपण औषध पाठवीत असतो, आणि रुग्णाबरोबर रस पिणारी निरोगी माणसेही त्यात सापडतात. रस द्यावयाचाच तर ऊस धुऊन, सोलून, स्वच्छ चरकावर, बर्फाविना, घरच्या पेल्यात द्यावा. अन्यथा मनुका, लाह्यांचे पाणी, मऊ भात, मुगाचे कढण हे घरीच होणारे पथ्य पुरेसे आहे.

दुसरा विषय काविळीवरील अघोरी उपचारांचा. आंब्याच्या सालीचा रस व चुन्याची निवळी यांच्या संयोगाने हात धुतलेले पाणी पिवळे होते, त्याला "कावीळ उतरली" असे म्हटले जाते. हा केवळ रंगाचा खेळ आहे. माळ वाढत जाणे हाही तसाच प्रकार. याहून घातक म्हणजे कडू देवडांगरीसारख्या तीक्ष्ण द्रव्याचा रस नाकात पिळणे. नाकातून पिवळा स्राव वाहतो व लोक समाधान मानतात, परंतु रुग्णाच्या नासा-कंठाचा दाह व शोथ होतो. तीक्ष्ण नस्य हे शास्त्रात वैद्याच्या देखरेखीखाली, रुग्णाचे बल पाहून करावयाचे कर्म आहे. आपल्या संहितांत द्रव्याचे नाव आहे म्हणून या प्रकाराला आपण मूक संमती देता कामा नये. अशा उपचारांत जाणारे आठ-दहा दिवस काही रुग्णांसाठी जीवन-मरणाचे असतात.

पुढील लक्षणे दिसताच रुग्णास विलंब न लावता सुसज्ज रुग्णालयात पाठवावे : दिवसा झोप व रात्री जागरण, असंबद्ध बोलणे, गुंगी, सतत वमन, हिरड्यांतून वा त्वचेखाली रक्तस्राव, पोटात पाणी होणे. गर्भिणीला कावीळ दिसली तर या लक्षणांची वाटही पाहू नये. कुंभकामलेचे गांभीर्य आपल्याला शास्त्रानेच शिकवलेले आहे. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठवणे यात वैद्याचा कमीपणा नाही.

आपले चिकित्सालय

लोकांना शुचिता शिकवणाऱ्याने प्रथम आपले घर पाहावे. हेपॅटायटिस बी व सी हे रक्तावाटे पसरणारे काविळीचे प्रकार आहेत. हेपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात, पृष्ठभागावर किमान ७ दिवस संसर्गक्षम राहू शकतो. सिरावेध, अग्निकर्म, क्षारसूत्र, जलौकावचारण ही कर्मे करणाऱ्यांनी पुढील बाबी काटेकोरपणे पाळाव्यात.

सुई व सिरिंज एकदाच वापरावी व वापरताच छेदून टाकावी. एका रुग्णाला लावलेली जळू दुसऱ्याला कदापि लावू नये. शस्त्रे, शलाका प्रथम घासून धुवाव्यात व नंतर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवाव्यात. नुसत्या उकळण्याने सर्व बीजाणू मरत नाहीत. सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट द्रावण ओतून किमान १० मिनिटांनी पुसावे. बस्तीची नळी प्रत्येक रुग्णास स्वतंत्र असावी. नस्याचा ड्रॉपर नाकपुडीला टेकू देऊ नये. शिरोधारेचे वा अभ्यंगाचे एकाला वापरलेले तैल दुसऱ्यास वापरू नये, तैल महाग आहे ही सबब येथे चालणार नाही. द्रोणी प्रत्येक रुग्णानंतर गरम पाणी व साबणाने धुऊन कोरडी करावी. नाडीपरीक्षेपूर्वी व नंतर हात धुवावेत आणि ते रुग्णाच्या दृष्टीसमोर धुवावेत, कारण तो पाहून शिकतो. आपण स्वतः व आपल्या सहायकांनी हेपॅटायटिस बी ची लस घ्यावी.

व्रणितागारात गुग्गुळ, अगरु, राळ, वेखंड, पांढरी मोहरी व निंबपत्र यांचे धूपन सुश्रुतांनी सांगितले आहे. ती परंपरा अवश्य चालवावी, परंतु धूपन हे धुणे-पुसणे व निर्जंतुकीकरण यांच्या जागी नाही, त्यानंतर आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

अनेक रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी दुकानात जातात आणि "काविळीचे एखादे सिरप द्या" म्हणतात. त्या वेळी दुकानदाराने तीन प्रश्न विचारावेत : रुग्ण गर्भिणी आहे काय? त्याला गुंगी वा सतत उलट्या आहेत काय? घरात वा शेजारी आणखी कोणाला अशी कावीळ आहे काय? पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असल्यास औषध न देता रुग्णालयात पाठवावे. तिसऱ्याचे होकारार्थी असल्यास आरोग्य विभागाला कळवावे. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलची पाकिटे मागणाऱ्यास कावीळ आहे का हेही विचारावे, कारण अधिक मात्रेत ते यकृतास बाधक होते.

ज्येष्ठ लागण्यापूर्वी दुकानात क्लोरीनच्या गोळ्या व द्रावण, ओआरएस आणि झिंक यांचा साठा असावा. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावयाचे असते. पेलाभर पाण्यात थोडी थोडी पूड टाकण्याची सवय धोक्याची आहे. पाकीट देताना हे वाक्य दोनदा सांगावे. सुटी चूर्णे विकणाऱ्यांनी बरणीत हात घालू नये, कोरडा चमचा वापरावा. पावसाळ्यात ओल धरलेले, गुठळ्या झालेले वा बुरशीचा वास येणारे चूर्ण उन्हात वाळवून पुन्हा विक्रीस ठेवू नये, ते टाकून द्यावे. जे स्वतः औषधनिर्माण करतात त्यांच्यासाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल टी मध्ये जागा, पाणी व कामगारांच्या स्वच्छतेचे निकष दिलेले आहेत. परवान्यापुरते नव्हे तर नित्य व्यवहारात ते पाळावेत. अवलेह हलवणाऱ्या माणसाला अतिसार असेल तर त्या दिवशी त्याला सुट्टी द्यावी, तिचा खर्च परत आलेल्या मालापेक्षा कमी असतो.

नोंद आणि सूचना

साथ प्रथम कोणाला दिसते? मोठ्या रुग्णालयाला नव्हे, गल्लीतल्या वैद्याला आणि दुकानदाराला. म्हणून प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी. तारीख, वय, स्त्री-पुरुष, गल्ली वा वाडी, पाण्याचे साधन, लक्षणारंभाचा दिवस, एवढे सहा रकाने पुरेत. एका आठवड्यात एकाच गल्लीतून काविळीचे दोन वा अधिक रुग्ण आले तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास वा पालिकेच्या आरोग्य विभागास लेखी कळवावे व प्रत जपून ठेवावी. २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला, परंतु त्याला माहिती पुरवणारे डोळे खालीच असावे लागतात. रुग्ण मोजणाऱ्या यादीत आयुर्वेदाच्या चिकित्सालयातील रुग्ण आले नाहीत, तर साथ प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते आणि उपाय उशिरा सुरू होतात. ४० दिवसांच्या संचयकालाचा हिशेब मांडला तर आठवडाभर आधी दिलेल्या सूचनेचे मोल लक्षात येते. त्या आठवड्यात ज्यांनी दूषित पाणी प्यायले नाही ते पुढच्या महिन्यात रुग्ण म्हणून आपल्यासमोर येत नाहीत.

महापुरानंतर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. पूर ओसरला की खरे साथींचे दिवस सुरू होतात. विहिरी, बोअर व टाक्या उपसून, घासून, टीसीएलने शुद्ध केल्यावाचून त्यांतील पाणी पिऊ नये. चिखल काढताना व ऊस-भाताच्या शेतात उतरताना गमबूट वापरावेत, पायावरील जखम झाकावी. उंदीर व जनावरांच्या मूत्रातून येणारा लेप्टोस्पायरोसिस याच काळात डोकावतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे आणि त्यापाठोपाठ कावीळ असा क्रम असेल तर ती साधी कामला समजू नये, त्वरित तपासणीस पाठवावे. अशा प्रसंगी प्रतिजैविकास विलंब झाल्यास वृक्कांवर परिणाम होतो. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण ७ ते १० दिवसांत तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवण्याचा नियम पावसाळाभर पाळावा.

समारोप

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे पहिले प्रयोजन आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन हे दुसरे. व्यवसायाच्या धकाधकीत आपण दुसऱ्यापासून आरंभ करतो, कारण रुग्ण दाराशी असतो आणि स्वस्थ मनुष्य घरी. साथीचे व्याधी हा क्रम पुन्हा सुलटा करावयास भाग पाडतात.

सर्व सभासदांना विनंती अशी की, येत्या पावसाळ्यापूर्वी तीन गोष्टी पूर्ण कराव्यात. चिकित्सालयात व दुकानात पाणी उकळण्याच्या व हात धुण्याच्या सूचनांचा मराठी कागद दर्शनी लावावा. सहा रकान्यांची वही सुरू करावी. आपल्या नोंदीतील प्रत्येक गर्भिणीच्या घरी उकळलेल्या पाण्याची सूचना पोहोचली आहे याची खात्री करावी. या तिन्हींचा मिळून खर्च एका औषधाच्या बाटलीहून अधिक नाही.

शुभं भवतु.